डोंगर डाव्या हाताला

मुलुंड आणि बोरिवली यांच्यामध्ये एक जंगल आहे. नकाशावर पट्टी ठेवली तर दोन्ही ठिकाणे शेजारी दिसतात. पण सरळ रेषेत जाण्याची सोय फक्त बिबट्यांना आहे. माणसाला दक्षिणेला उतरून, घाटकोपरहून अंधेरीला वळसा घेऊन, पुन्हा उत्तरेला चढावे लागते. त्यामुळे पूर्व उपनगरांतले लोक पश्चिमेला जातात ते लग्नाला, साखरपुड्याला किंवा कोणाला तरी इस्पितळात भेटायला. मी मुलुंडला बत्तीस वर्षे राहते आणि बोरिवलीच्या अलीकडचे चारकोप पाहिलेले नव्हते. आता पाहून आले आहे. ज्यांचे अजून जाणे झालेले नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

नाहूर, गुरुवार

प्रवासाचे कारण दत्ताराम सावंत. आम्ही दोघे एकाच दैनिकात होतो. मी बातम्यांच्या टेबलावर, ते चित्रांचे जस्ताचे ठसे करणाऱ्या ब्लॉक खात्यात. जस्ताचे ब्लॉक बंद झाले तेव्हा ते ऑफसेटच्या प्लेटा करू लागले आणि त्याच कामावरून निवृत्त झाले. आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. नाहूर स्टेशनच्या पश्चिमेला पाच मिनिटांवर राहतात.

तरुणपणी सावंतांना रद्दीत एक इंग्रजी पुस्तक मिळाले. मुखपृष्ठ फाटलेले होते. आत एडमंड हॅसलविक या इंग्लिश चित्रकाराने लाकडात कोरलेली चित्रे होती. हॅसलविक दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला. जलरंगात निसर्गचित्रे काढी, लाकडी ठसे कोरी, आणि पोटासाठी कपबश्या, बियाण्यांची पाकिटे, वेळापत्रकांची मुखपृष्ठे यांवर नक्षी करून देई. सावंतांनी त्या पुस्तकावरून, कोणी न शिकवता, लाकूड कोरायला शिकून घेतले. भेटकार्डे, पत्रिकेवरचा गणपती, असे बारीकसारीक काम ते करत. मोठे चित्र एकच केले, आणि ते निवृत्तीनंतर.

ते चित्र नाहूरच्या पुलावरून उत्तरेकडे पाहताना दिसणाऱ्या देखाव्याचे आहे. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला मिठागरे आणि त्यामागे खाडी, मधून जाणारे विजेचे मनोरे, आणि खाली पुढच्या बाजूला स्टेशनची पाटी. लाकूड पेरूचे, त्यांच्या पत्नी सुनंदावहिनींच्या कणकवलीच्या माहेरचे. खोड आडवे कापून त्याचे चार तुकडे चिकटवून पोस्टकार्डाएवढा ठोकळा केलेला. त्यावर सावंत दोन वर्षे बसले. तो पूर्ण झाला आणि पुढच्याच तपासणीत डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात काचबिंदू सांगितला. बारीक काम बंद. म्हणजे हा ठोकळा शेवटचा.

तो एकदाही छापलेला नव्हता. घरात शाई आणायला सुनंदावहिनींची बंदी आहे; पूर्वी एकदा शाईचा हात फ्रिजला लागला होता. रेघा नीट दिसाव्यात म्हणून सावंत ठोकळ्याला काळा रंग देऊन त्यावर टाल्कम पावडर चोळत. काळ्यावर पांढरे चित्र उठून दिसे. गुरुवारी त्यांनी मला तसेच दाखवले. पाटीवर "नाहूर" स्वच्छ वाचता येत होते. मी म्हटले, अक्षरे छान बसली आहेत.

मी छत्तीस वर्षे प्रुफे वाचली आहेत. छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे उलटे वाचू शकणाऱ्या शेवटच्या पिढीतली आहे. तरीही असे म्हटले, याची नोंद इथे करते.

ठोकळा छापायचा होता चारकोपला. सावंतांच्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा हरेश घरत तिथे छापखाना चालवतो. त्याच्याकडे वडिलांच्या वेळचे ट्रेडल मशीन आहे. ट्रेडल म्हणजे शिंपल्यासारखे उघडमिट करणारे, हाताने एकेक कागद घालायचे छपाईयंत्र. त्याचा फोन आला होता: "काका, शनिवारी दोन वाजता भंगारवाला उचलतोय. त्याआधी या. नंतर माझ्याकडे नुसते कॉम्प्युटर."

शुक्रवारी अंधेरीत योगायोगाने हॅसलविकच्याच चित्रांचे प्रदर्शन होते. म्हणून बेत ठरला तो असा: शुक्रवारी प्रदर्शन, मुक्काम वहिनींच्या भाचीकडे, शनिवारी चारकोप. ठोकळा टॉवेलात गुंडाळून सावंतांच्या पिशवीत. वहिनींच्या पिशवीत आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचे सांबार.

"अंधेरीत काय खायला मिळत नाही का?" सावंत म्हणाले.

"मिळता. पण पोटाक नाय," वहिनी म्हणाल्या.

अंधेरी, शुक्रवार

प्रदर्शन एका खासगी ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर होते. खाली रस्त्यावर मोबाइलच्या काचा बदलणाऱ्यांची ओळ. वर एसी आणि शांतता. आम्ही आत शिरलो तेव्हा दोन विद्यार्थी आणि एक रखवालदार एवढेच होते.

जलरंगाची चित्रे फिकट आहेत. रंग पातळ आणि कोरडा, ब्रशच्या रेघा बाजूबाजूला ओढलेल्या, त्यांच्या फटींतून कागद दिसतो. विषय साधे: शेतात सोडून दिलेला, जमीन सपाट करायचा लोखंडी रूळ, समुद्रकाठच्या कपडे बदलायच्या खोल्या, उतरत्या छताचे काचघर, टेकडीवर जाणारे कुंपण. कुंपणाचा प्रत्येक खांब वेगळा काढलेला. माणूस जवळजवळ कुठेच नाही. मात्र माणसाने आत्ताच ठेवल्यासारखी बादली, टोपी, शिडी जागोजाग दिसते.

वहिनींनी एक भिंत पूर्ण पाहिली आणि विचारले, "माणसा खंय गेली सगळी?"

"जेवायला गेली असतील," सावंत म्हणाले.

"सगळी एकदम? मग घराक कुलूप तरी लावूचा."

कपबश्यांसमोर वहिनी जास्त थांबल्या. पांढऱ्या बशीच्या कडेने पानासकट मुळे काढले होते. आमच्याकडे मुळा ताटाच्या डाव्या बाजूला चटणीशेजारी येतो, बशीवर चित्र होऊन नाही, याबद्दल त्यांचे आणि माझे एकमत झाले. बशी मात्र आम्हा दोघींनाही आवडली.

सावंत लाकडी ठशांपाशी होते. चाळीस वर्षे पुस्तकात पाहिलेली चित्रे त्यांनी मूळ छापांत प्रथमच पाहिली. त्यांना आश्चर्य वाटले ते आकाराचे. पुस्तकात पानभर असलेले काचघर मुळात काडेपेटीपेक्षा थोडे मोठे होते. सावंतांनी काचेबाहेरून अंगठ्याने माप घेतले. रखवालदार उठला; सावंतांनी हात मागे घेतला आणि त्याला सांगितले, "हात लावत नाही रे. मोजतोय." मग तोही येऊन मोजू लागला.

शेवटच्या काचपेटीत एक मूळ ठोकळा होता आणि शेजारी त्याचा छाप. विषय गावातल्या पोस्टाचा. वहिनी वाकल्या.

"ह्या लाकडावर उलटा लिवलाहा."

इथे सावंतांना सूर लागला. दोन्ही विद्यार्थी जवळ आले, रखवालदारही होता. सावंतांनी समजावून सांगितले की ठसा नेहमी उलटा कोरायचा, म्हणजे कागदावर सुलटा येतो. डावे ते उजवे होते. अक्षरे आरशातल्यासारखी काढावी लागतात आणि खरा कस तिथेच लागतो. फार चांगले सांगितले. एका विद्यार्थिनीने वहीत टिपून घेतले.

"म्हणजे तुमचा पण उलटा आसा," वहिनी म्हणाल्या.

"अर्थात," सावंत म्हणाले.

ते भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसले. पिशवीतून टॉवेल काढला, उलगडला. मी शेजारी बसले. खाचांत पावडर होतीच. "नाहूर" स्वच्छ वाचता येत होते.

नंतर खालच्या हॉटेलात चहा घेताना त्यांनी चूक कशी झाली ते सांगितले. जस्ताच्या काळात ब्लॉक उलटाच असे. पण ऑफसेटची प्लेट सुलटी असते. तिच्यावरची शाई आधी रबरी ब्लँकेटवर उतरते, तिथे उलटी होते, आणि ब्लँकेटवरून कागदावर येताना पुन्हा सुलटी होते. नोकरीच्या उत्तरार्धात सावंतांनी हजारो सुलट्या प्लेटा तपासल्या. प्लेट वाचता आली म्हणजे बरोबर, नाही आली म्हणजे चूक, हे हाताला बसले. ठोकळ्यावर चित्र उतरवतानाही हात तसाच चालला. दोन वर्षे रोज पावडर लावून पाहिले आणि रोज वाचता आले, म्हणून रोज बरोबर वाटले.

"माझी पण चूक," मी म्हटले. "गुरुवारी माझ्या हातात होता."

"कर्णिकबाई, तुमची चूक शुद्धलेखनाची असते. ही माझ्या धंद्यातली आहे." चहा तसाच होता. "आपण घरी जाऊ. छापून काय करू? डोंगर खाडीत जाईल, खाडी डोंगरावर. पाटी तर वाचताच येणार नाही."

मी विचारले, अक्षरे काढून टाकून नवी बसवता येतील का. येतात, ते म्हणाले. तेवढा भाग पोखरून लाकडाची खुंटी ठोकायची आणि परत कोरायचे. "डोळा असता तर केलं असतं. आणि डोंगराचं काय? तो कुठे उचलून ठेवू?"

वहिनींनी आंबोळीचा डबा उघडला होता. हॉटेलवाल्याने पाहिले आणि दुसरीकडे पाहिले. पश्चिमेला हे चालते असे दिसते. मुलुंडला मला उठवले असते.

"मी काय म्हणतंय ता ऐका," वहिनी म्हणाल्या. "दोन वर्सा मी पावडर बघलंय. चित्र नाय बघलंय. डबे संपले पावडरीचे. उलटो तर उलटो, माका एकदा कागदावर बघूचा आसा."

"लोक हसतील."

"खयचे लोक? ही एक बाई आणि घरताचो झील. हसले तर हसले."

सावंतांनी आंबोळी घेतली. एकच प्रत काढायची, असे ठरले.

चारकोप, शनिवार

चारकोप सेक्टरांत विभागलेले आहे. नवीन माणसाने सेक्टरांचे आकडे ओळीने लागतील अशी अपेक्षा धरू नये. आम्ही धरली. रिक्षावाल्याने आम्हाला एका देवळासमोर उतरवले, तिथल्या फुलवाल्याने एका शाळेकडे पाठवले, शाळेच्या शिपायाने पुन्हा देवळाकडे. या चालण्यात चारकोप बऱ्यापैकी पाहून झाले. बसकी घरे, प्रत्येकावर नंतर चढवलेला एक मजला, आणि त्याला रस्त्यावरून चढणारा लोखंडी जिना. दारापुढे तुळस आणि स्कूटर यांना सारखीच जागा. नाहूरला आता टॉवर इतके झाले आहेत की आकाश पाहायला पुलावर जावे लागते; इथे ते दारातून दिसते. वहिनींना हे पसंत पडले. लोखंडी जिने मात्र नाही.

इंडस्ट्रियल इस्टेट त्याच्या कडेला आहे. घरतचा गाळा तळमजल्यावर. हरेश घरत पन्नाशीचा, अंगाने भरलेला, कानावर पेन्सिल. त्याने सावंतांना वाकून नमस्कार केला आणि लगेच म्हणाला, "काका, उशीर केलात ना. बारा वाजत आले. मोटर मी कालच काढून ठेवलीय, चाक हाताने फिरवावं लागेल. कोण फिरवणार?"

सावंतांच्या खांद्याला ते झेपणारे नव्हते. वहिनींची साडी चाकात जाण्याचा संभव होता. मी पंजाबी ड्रेसमध्ये होते.

ट्रेडल काळेभोर, माझ्या खांद्याएवढे उंच. एका जबड्यात ठोकळा बसतो, दुसऱ्यावर कागदांची गादी आणि तिच्यावर छापायचा कागद. चाक फिरले की रूळ ठोकळ्याला शाई लावून वर जातात, मग जबडा मिटतो. घरतने ठोकळा साच्यात घट्ट केला. सावंतांनी त्याखाली कागदाचे कपटे घालून उंची जमवली. बोटांनी चाचपून जमवली, पाहिले नाही. मग त्यांनी घरतला सांगून टाकले: चित्र उलटे कोरायचे होते, ते सुलटे कोरले आहे.

घरतने ठोकळा पाहिला, सावंतांकडे पाहिले. "होतं काका. मी एकदा अख्ख्या लग्नपत्रिकेवर नवऱ्या मुलीच्या जागी तिच्या आईचं नाव टाकलेलं. तुमचं तर नुसतं उलटंय."

मी चाक फिरवले. पहिली प्रत निघाली.

छपाई सुरेख होती. मिठागरांच्या बांधांच्या रेघा केसाएवढ्या बारीक होत्या आणि एकही भरून आली नव्हती. पण डोंगर उजवीकडे होता आणि पाटीवर आरशातली अक्षरे होती. तो देखावा आमच्या रोजच्या पाहण्यातला, तरीही चुकीच्या स्टेशनवर उतरल्यासारखे वाटत होते. वहिनींनी प्रत दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिली.

"चांगला आसा," त्या म्हणाल्या. "खराच चांगला आसा हो."

सावंत चष्मा पुसत राहिले.

"अजून एक काढू, ही थोडी फिकी आहे," घरत म्हणाला. त्याने कागद उचलला. मी चाक फिरवले. तो कागद अजून त्याच्या हातातच होता.

"वाट लागली," घरत म्हणाला. "मॅडम, मी हो म्हटल्यावर फिरवायचं ना."

जबडा रिकामा मिटला होता. कागदाखालच्या गादीवर चित्र उमटले होते. हा अपघात छापखान्यात नेहमीचा. उपाय म्हणजे गादीवरचा कागद बदलायचा. घरतला घाई होती. त्याने तसाच पुढचा कागद घातला, मी त्याच्या "हो"ची वाट पाहून फिरवले, आणि निघालेली प्रत त्याने वाळायला वहिनींकडे दिली. मागची बाजू खराब झाली असेल, असेही सांगितले.

वहिनींनी ती उलटी करून पाहिली. मग सावंतांच्या पुढे धरली.

"हेच्या पाठीर नाहूर सरळ आसा."

मागच्या बाजूला पुसट, करड्या रंगात चित्र उतरले होते. डोंगर डावीकडे, मिठागरे उजवीकडे, पाटी वाचता येत होती. ठोकळ्यावरून गादीवर, गादीवरून कागदाच्या पाठीवर.

सावंतांनी कागद डाव्या डोळ्याजवळ नेला.

"हरेश," ते म्हणाले, "तुझ्या ऑफसेटचं जुनं ब्लँकेट आहे?"

"आहे ना. तीन आहेत. का?" आणि मग घरतनेच कपाळाला हात लावला. "अरे हो. काका, तुम्ही ऑफसेटचा ब्लॉक कोरलाय."

पुढचा दीड तास काम असे चालले. घरतने रबरी ब्लँकेटचा तुकडा कापून गादीच्या जागी ताणून बसवला. मी चाक एकदा, रिकामे, फिरवायची. चित्र ब्लँकेटवर उलटे उतरायचे. मग यंत्र थांबवून सावंत त्यावर कागद ठेवायचे आणि हातातल्या स्वच्छ रुळाने दाबून फिरवायचे. कागद एका कोपऱ्याने सोलून काढला की चित्र सुलटे. मग रॉकेलच्या फडक्याने ब्लँकेट पुसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दोन प्रती सरकल्या आणि डोंगर दोन दोन झाले. तिसरीत शाई जास्त झाली. चौथी जमली.

काळा रंग ट्रेडलवर येतो तितका दाट आला नाही. कडा किंचित मऊ झाल्या आणि रेघांच्या फटींतून कागद दिसू लागला. सावंतांनी ते बोलून दाखवले, तक्रार म्हणून नाही. आदल्या दिवशी पाहिलेल्या जलरंगांची कोरडी रेघ यात आली आहे, असे माझे मत पडले. मी ते सांगितले. ते म्हणाले, "बघू, दुसरी काढा."

मध्येच घरतच्या घरून डबा आला: तांदळाच्या भाकऱ्या आणि तळलेले बोंबील. सावंतांकडे शनिवार पाळतात. वहिनींनी भाकरी लोणच्याशी खाल्ली. सावंतांनी दोन्ही हात शाईने माखल्याचे कारण सांगून घरतला घास भरवायला लावला, आणि घासात काय आहे हे आपल्याला दिसत नाही असे म्हणाले.

"काचबिंदू उजव्या डोळ्यात आसा," वहिनी म्हणाल्या. "जिभेत नाय."

टेम्पो पावणेदोनला आला. चार माणसे, साखळ्या आणि पाने घेऊन. घरतने त्यांना चहा पाजून पंधरा मिनिटे मिळवली. तेवढ्यात आणखी दोन प्रती निघाल्या. एकूण अकरा चांगल्या आल्या. दोन वाजता घरतने ठोकळा सोडवून सावंतांच्या हातात दिला आणि यंत्राला नमस्कार केला. मग त्या चौघांनी पाने लावले.

प्रती दोरीवर चिमट्यांनी वाळत होत्या. टेम्पोच्या माणसांपैकी मिशीवाला एक जण, बबन त्याचे नाव, साखळी आणायला तिथून गेला, थांबला आणि मागे आला.

"हे नाहूर ना?" त्याने विचारले. "पुलावरून?"

सावंतांनी त्याला विचारले, कशावरून. पाटीवरून का?

"पाटी आता वाचली. आधी डोंगर बघितला. मी रोज उतरतो ना तिथे. डोंगर हाच." बबनने आणखी जवळून पाहिले. "एकदम बरोबर काढलंय. फक्त माझी चाळ नाही आली."

"कुठे आहे चाळ?"

"डोंगराच्या खाली, अजून अशी डावीकडे."

बोलता बोलता त्याने बोट टेकवले. चित्र संपते तिथून अर्धा इंच पलीकडे, पांढऱ्या समासात. वंगणाचा काळा ठसा उमटला. घरत ओरडणार होता. बबनने हात मागे ओढला आणि तो शर्टाला पुसू लागला.

सावंतांनी ती प्रत दोरीवरून काढली, टेबलावर ठेवली आणि घरतच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली. खालच्या कोपऱ्यात सही केली. मग कागद डाव्या डोळ्याजवळ घेऊन, त्या ठशाखाली बारीक अक्षरांत लिहिले: बबनची चाळ. अक्षरे सुलटी आहेत याची मला दाखवून खात्री करून घेतली, आणि प्रत त्याला दिली.